चित्राच्या मागचा पत्ता

१

गेली अकरा वर्षं मी इथल्या एका दैनिकात दर शुक्रवारी सदर लिहिते. नाशकात आणि आसपास कुठलं चित्रप्रदर्शन पाहण्यासारखं आहे, ते लोकांना सांगायचं. त्याआधी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. नाव उत्तरा, पण अर्धं शहर मला नुसतं 'बाई' म्हणतं.

चौतीस वर्षांत मला दोन सवयी लागल्या आणि त्या मी पोरांनाही लावल्या. एक म्हणजे ब्रशचं टोक ओठांत धरून काढायचं. फडक्यावर पुसून तसं टोक येत नाही, कुणी काहीही सांगो. पालक नाकं मुरडायचे, तेव्हा मी म्हणायचे, चित्रकाराला उष्टं-खरकटं नसतं. या नादात इतके रंग पोटात गेलेत की डोळे मिटूनही मी रंग ओळखते. पिवळा गोडसर लागतो, तपकिरी मातकट, निळा घशात उतरताना कडवट.

दुसरी सवय अशी, की चित्राच्या मागे नाव, इयत्ता आणि पूर्ण पत्ता लिहायचा. स्पर्धेला पाठवलेलं चित्र मागे पत्ता नसला की बाद होतं. चांगली चित्रं अशी वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून याबाबतीत मी कुणाची गय करत नाही.

माझी नात स्वानंदी नऊ वर्षांची आहे. शेखर, माझा मुलगा, ओझरला कारखान्यात नोकरीला आहे आणि सून योगिनी बँकेत. त्यामुळे शाळा सुटल्यापासून सहा वाजेपर्यंत पोर माझ्या ताब्यात असते. तिचं जेवण, अभ्यास, वेणीफणी सगळं मीच बघते. केसांना कापूर घातलेलं खोबरेल मी घरी करते आणि रोज चोळून लावते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचंय ते माझ्या जिभेबद्दल असलं तरी जीव टांगणीला लागलाय तो तिच्यापायी.

२

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पिंपळगाव बसवंतला गेलो. तिथल्या एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये कुणा बाहेरच्या मंडळींनी प्रदर्शन मांडलं होतं. मला खरं तर हल्लीच्या या मांडामांडीचा वीट आलाय. एकाने कुकरच्या जुन्या रिंगा दोरीला टांगल्या आणि खाली लिहिलं 'माय'. दुसऱ्याने पंधरा दिवसांचा कचरा काचेत भरून ठेवला. पण सदर लिहायचं तर बघावं लागतं. शेखर गाडीत बसून फोन बघत राहिला आणि मी स्वानंदीला घेऊन आत गेले.

आत एकामागून एक थंड खोल्या होत्या. यंत्रं बंद होती तरी गारवा होताच. भिंतींना आतून थर्माकोल होता, त्यामुळे आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नव्हता. द्राक्षांच्या पेटीत गंधकाचे कागद घालतात, त्यांचा वास अजून कोपऱ्यांत बसलेला होता, आणि त्याखाली काहीतरी आंबल्याचा.

राखणीला बहिरू नावाचे म्हातारे गृहस्थ होते. शेवटच्या खोलीकडे हात करून म्हणाले, "तिथं आपण सोता चित्र काढायचंय बाई. लोकं काढून जात्यात."

त्या खोलीत एक टेबल, रंगांच्या वड्या, पोस्टकार्डाएवढे कोरे कागद आणि एकच ब्रश होता. भिंतीवर चाळीसएक कागद चिकटवलेले. पाटीवर लिहिलं होतं, 'आज सकाळी काय खाल्लंत ते रंगवा. पाणी वापरू नये.' पाणी तिथे नव्हतंच. लोकांनी बोटांनी, थुंकी लावून काहीबाही फराटे मारले होते. पोहे, बिस्किटं, ब्रेड. बघवत नव्हतं.

ब्रश मात्र अस्सल होता. चार नंबरचा, भरीव पोटाचा. मी तो उचलला आणि विचार न करता ओठांत धरला.

तो ओला होता. नुसता ओला नाही, कोमट. कुणीतरी त्याच क्षणी तोंडातून काढून ठेवावा तसा. त्या गारठलेल्या खोलीत आमच्या आधी कुणी नव्हतं.

३

"आजी, शी," स्वानंदी म्हणाली, "उष्टा आहे तो."

मला तोंडात बुळबुळीत लागलं होतं. पण पोरीसमोर ते दाखवायची लाज वाटली. मी म्हटलं, "नखरे नकोत. बैस आणि काढ."

ती ब्रश तोंडात घालायला तयार होईना. मग मीच दर वेळी टोक काढून दिलं. तिने सकाळचं थालीपीठ काढलं, वर लोण्याचा गोळा. छान काढलं होतं. ती ते भिंतीवर लावायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं.

"मागे काय लिहायचं असतं?"

"आजी, ही काही स्पर्धा नाहीये."

"स्पर्धा नसली म्हणून काय झालं? लिही."

तिने माझ्या पर्समधलं बॉलपेन घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं. पूर्ण नाव, इयत्ता चौथी, इमारत, तिसरा मजला, हिरावाडी, पंचवटी, नाशिक. पिनकोड विसरली होती, तोसुद्धा मी लिहायला लावला.

परत येताना मिसळ खायला थांबलो. पहिला घास घेतला आणि मी थांबले. तिखट नाही, मीठ नाही, फरसाण नाही. तोंडात गंधक होता आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. दुसरा घास तसाच. समोर तर्रीचा लाल रस्सा दिसत होता आणि मी पुठ्ठा चावत होते.

"काय झालं आई?" शेखरने विचारलं.

"काही नाही, तोंडाची चव गेलीय."

हे खरं नव्हतं. कोविडात माझी चव गेली होती, ते मला माहीत आहे. तेव्हा चव नुसती गेली होती. आता माझी गेली होती आणि दुसऱ्याच कुणाची आली होती.

४

सोमवारी दिवसभर कागद. भिजून लगदा झालेला कागद, मग डिंक, मग एक तेलकट कडू चव. ती ओळखायला मला वेळ लागला नाही. वर्गातली पोरं बॉलपेन चावायची आणि जीभ निळी करून घ्यायची. मीही लहानपणी ते केलंय. ती शाई होती.

डॉक्टरांनी जीभ बघितली, बी-ट्वेल्व्ह लिहून दिलं, चूळ भरायचं औषध दिलं. मी दिवसातून दहादा चुळा भरल्या. जीभ घासून घासून रक्त काढलं. घरचं वरण-भात गिळताना मला ते दुसऱ्याने चघळून माझ्या तोंडात दिल्यासारखं वाटत होतं. मी ताटावरून उठून मोरीत ओकले.

मंगळवारी एसटीने एकटीच पिंपळगावला गेले. बहिरू बाकड्यावर ऊन खात बसले होते.

"रविवारपासून कोण आलं होतं इथं?" मी विचारलं.

"कोण बी नाय बाई. तुमीच शेवटच्या. कुलूप मीच लावतो, चावी माझ्याच कनवटीला हाय."

"आणि तो ब्रश कुणाचा? ज्याचं हे काम आहे तो माणूस कुठंय?"

"त्यो कवा आलाच नाय. पार्सल आलं, चिठ्ठी व्हती, तसं मांडलं आमी." कनवटीची चावी चाचपत म्हणाले, "पण बाई, त्या खोलीत लय वल येती. म्या रोज कोरडी करतो टेबलं. रोज वली."

भिंतीवर सगळे कागद कोरडे खडखडीत होते. पोहे होते, ब्रेड होता. स्वानंदीचा कागद जागेवर होता, पण त्यावर थालीपीठ नव्हतं. रंगाचा डाग नव्हता. कागद इतका झिजला होता की त्यातून भिंत दिसत होती. मी तो ओढला तर तार धरत निघाला आणि बोटांना चिकटला. उलटून पाहिलं. मागची अक्षरंही नव्हती. एकेक अक्षर शेवटपर्यंत चाटून नेलं होतं, पिनकोडसकट.

इतर कागदांच्या मागे मी पाहत गेले. कुठे नुसतं नाव होतं, कुठे काहीच नाही. पत्ता एकाही कागदामागे नव्हता. पत्ता लिहायला लावणारी बाई माझ्याखेरीज तिथे कुणी आलीच नव्हती.

मी टेबलाकडे वळले. ब्रश नव्हता. आणि तिथे उभी असताना माझ्या जिभेवर गंज आला, जुना ऑइलपेंट आला, कोल्ड स्टोरेजच्या शटरच्या खालच्या कडेची माती आली.

५

शहाणं माणूस अशा वेळी स्वतःला चार गोष्टी सांगतं. मीही सांगितल्या. वय झालंय. मेंदूची एखादी शीर असेल. रंगांतलं विष इतक्या वर्षांनी उतरलं असेल. शेखरला मी शेवटी सगळं सांगितलं, तेव्हा त्याने नीट ऐकून घेतलं आणि न्यूरॉलॉजिस्टची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. त्याला मी दोष देत नाही. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पण बुधवारी सकाळी मोरचूद आला. बागांवर फवारतात तो, निळा, जीभ आखडून टाकणारा. मग पानं, मग डांबर. दुपारी लोखंड आणि त्यावर पक्ष्यांची घाण. मी सिंकपाशी उभी राहून कोरड्या उलट्या काढत होते. स्वानंदी मागून माझी पाठ चोळत होती.

संध्याकाळी शेखर जेवताना सहज सांगत होता. ओझरला त्यांच्या बसथांब्याचा कठडा आहे, वर्षानुवर्षं कबुतरांच्या घाणीने पांढरा झालेला. आज दुपारी तो नव्यासारखा चकचकीत होता, नुसता ओला. सगळे हसत होते म्हणे, की एखादी गाय चाटून गेली.

मी हातातला घास ताटात ठेवला. पिंपळगाव, मग ओझर. त्याच रस्त्याने पुढे आलं की पंचवटी येते.

गुरुवारी स्वानंदीला शाळेत पाठवलं नाही. घसा लाल आहे म्हणून सांगितलं. सकाळी अकराच्या सुमाराला कोथिंबिरीच्या मुळांची माती आली, कांद्याचा पाला, भिजलेलं गोणपाट. भाजीबाजार. मग दिव्याचं जुनं तेल आणि कुंकू. मग बराच वेळ दगड आणि शेवाळ. ते रमतगमत येत होतं. वाटेत जे लागेल ते चाखत येत होतं, आणि प्रत्येक चव आधी त्याच्या तोंडात आणि मग माझ्या तोंडात अशी फिरत होती. एवढी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही.

६

साडेचार वाजता ऑइलपेंट आला. हिरवा. सोसायटीने गेल्या महिन्यातच फाटकाला मारला होता, रंग मीच निवडून दिला होता.

मी दाराला आतून दोन्ही कड्या घातल्या. स्वानंदी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. तिच्या खोलीचंही दार ओढून घेतलं. "आजी, काय करतेस?" तिने आतून विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, वारा येतोय."

जिन्याचा कठडा आला, हजार हातांच्या घामाचा. पहिला मजला. फरशी. कुणाची तरी पायपुसणी. मी दाराशी कान लावला. लिफ्टचा आवाज नव्हता, पावलांचा नव्हता. फक्त एक अगदी हलका, सावकाश आवाज येत होता. मांजर वाटीतलं दूध संपवतं तसा, पण मधे न थांबणारा.

मग दातांखाली कचकच झाली. रांगोळी. उंबऱ्यावरची, सकाळी मीच काढलेली, हळदीकुंकवासकट. मी ओठ घट्ट मिटले, जणू मी ओठ मिटल्याने ते थांबणार होतं.

दाराला भिंग आहे. मी डोळा लावला. समोरचा पॅसेज रिकामा होता, समोरच्यांच्या चपला, सायकल, सगळं जागेवर. मग खालून वर काहीतरी आलं. भिंग अंधारलं. फिकट, ओलं, बारीक दाणेदार असं काहीतरी काचेवरून हळूहळू सरकत गेलं. किती वेळ सरकत होतं, किती लांब होतं, कोण जाणे. ते गेल्यावर भिंगातून सगळं धुरकट दिसत होतं आणि काचेवरून थेंब ओघळत होता.

काचेला चव नसते. नुसतं गार लागलं जिभेला.

मी दाराला पाठ लावून खाली बसले. सहा वाजता योगिनीने बेल वाजवली आणि बाहेरूनच विचारलं, "आई, दार कुणी पुसलं? आणि रांगोळी कुठंय?"

७

शुक्रवारपासून नाताळची सुट्टी लागत होती. मी शेखरच्या हातापाया पडले म्हटलं तरी चालेल. "पोरीला आजच सटाण्याला मामाकडे सोडून ये. माझ्या तब्येतीचं बघून मग आणू." तो वैतागला, पण माझं तोंड बघून त्याने गाडीची किल्ली उचलली. मी स्वानंदीच्या पिशवीत तेलाची बाटली घातली. "मामीला सांग रोज लावून द्यायला."

"आणि माझे रंग?"

"घे. पण ब्रश तोंडात घालायचा नाही. परत कधीच नाही. आजी चुकीचं शिकवत होती."

तिने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. आजी चुकते हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दुसरी चूक तिला सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

गाडी गेली. दिवसभर माझ्या तोंडात दाराचं लाकूड होतं, बेलचं बटण होतं. रात्री ते फिकं पडलं. शनिवारी तोंडात काहीच नव्हतं, नुसतं पाणी. मी सदरासाठी चार ओळी लिहिल्या. पिंपळगावला जाऊ नका, पाहण्यासारखं काही नाही, असं लिहून पाठवलं.

रविवारी सकाळी चहाचा घोट घेतला आणि माझे डोळे भरून आले. चहाला चहाची चव होती. सुंठ होती, वेलदोडा होता, मस्त गोड होता. मला मधुमेह आहे, मी साखर घालत नाही, पण आठवडाभर उपाशी राहिलेल्या जिभेला सगळंच गोड लागतं असं मी मनाशी म्हटलं. दुसरा कप केला. तोही तसाच. योगिनीला म्हटलं, "सुटले गं बाई."

८

सोमवारी दुपारी स्वानंदीचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"आजी, इथे मज्जा आहे. मामी सगळ्यांना गुळाचा चहा देते. सुंठ आणि वेलदोडा घालून. मलापण अर्धा कप."

मी हातातला कप खाली ठेवला. त्यात सुंठ नव्हती. मी सुंठ आणलेलीच नव्हती.

"आणि माहितीये, काल मामी म्हणाली, कप घासायलाच लागत नाहीत, कुणी चाटून ठेवतं की काय एवढे स्वच्छ."

"स्वानंदी," मी म्हटलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवला. "तिथे गेल्यावर चित्र काढलंस का तू?"

"हो. आल्याआल्याच. मी माझंच काढलं, दोन वेण्या घातलेलं. मामाने फ्रीजवर लावलंय."

"मागे काय लिहिलंस?"

"नाव, इयत्ता, आणि मामाचा पत्ता. पिनकोड मामाला विचारून लिहिला, तू ओरडशील म्हणून." ती हसली. "आणि ब्रश तोंडात घातला नाही हं. अगदी पुसून पुसून टोक काढलं."

माझ्या जिभेला थंड पत्रा लागला. मग कागद. मग पिवळा, गोडसर. मग तपकिरी.

"बाळा, ते चित्र काढ आणि फाड. आत्ता. मामी कुठंय?"

"मामी मळ्यात गेलीय. थांब, बघते." तिच्या चपलांचा आवाज लांब गेला, परत आला. "आजी, चित्र ओलं झालंय. माझं तोंडच पुसलं गेलं. आणि इथे खाली पण सगळं ओलं..."

"बाहेर जा. दारातून बाहेर जा, शेजारी जा, धावत जा."

"थांब ना आजी, केसांत काहीतरी पडलंय. पाणी पडतंय वरून."

मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी माझ्या जिभेवर खोबरेल आलं, आणि पाठोपाठ कापूर.